पिल्लू बघायला जाऊ नका, आधी त्याची आई बघा

आमची पहिली लॅब्रॅडॉर मी फाटकाबाहेर उभी राहून घेतली. विकणारा आतून टॉवेलात गुंडाळलेलं पिल्लू घेऊन आला, माझ्या हातात ठेवलं आणि कागद पुढे केले. आई कुठे आहे विचारलं, तर म्हणाला, ‘‘आत आहे. अनोळखी माणूस दिसलं की चिडते.’’ मला ते खरं वाटलं. पिल्लू एकदा छातीशी धरलं की पुढचे प्रश्न सुचतच नाहीत. दीड वर्षाची झाली तेव्हा ती जिना चढताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकदम उचलायला लागली. एक्स-रेमध्ये दिसलं, की खुब्याची वाटी इतकी उथळ आहे की मांडीच्या हाडाचा गोळा तिच्यात नीट बसतच नाही. पुढची सगळी वर्षं तिचं वजन, तिची औषधं आणि जिन्याच्या पायऱ्या मोजण्यात गेली. तिच्या आईच्या खुब्यांचा एक्स-रे कुणी कधी काढलाच नव्हता, हे फार उशिरा कळलं.

तेव्हापासून पहिल्यांदा जातिवंत कुत्रं घरी आणू पाहणारं कुणी विचारायला आलं, की मी त्यांना पुढच्याच क्रमाने जायला सांगते. या क्रमात पिल्लाचा फोटो सगळ्यात शेवटी येतो.

१. जात ठरवताना रूप नाही, काम बघा

प्रत्येक जात कुठल्या ना कुठल्या कामासाठी घडवलेली आहे, आणि ते काम अजून तिच्या अंगात आहे. बॉर्डर कॉली मेंढ्या वळवते. मेंढ्या नसतील तर ती मुलं, सायकली आणि गाड्या वळवायला धावते. बीगल नाक जमिनीला लावून वासामागे जातो, तेव्हा तुमची हाक त्याच्या कानात शिरत नाही. हस्कीला तासन्‌तास ओढत धावायचं असतं. टेरियर जमीन उकरणार. हे दुर्गुण नव्हेत, याच गुणांसाठी माणसाने शेकडो वर्षं निवड केलेली आहे.

तेव्हा स्वतःला खरं खरं विचारा: रोज किती वेळ चालायला जाणार, घर दिवसभर रिकामं असतं का, केस गळलेले चालतील का, म्हातारपणी चाळीस किलोचं कुत्रं उचलून गाडीत ठेवता येईल का. आयुर्मानही पाहून ठेवा. ग्रेट डेनसारख्या अवाढव्य जाती बहुधा आठ-दहा वर्षांच्या आतबाहेर संपतात, लहान जातीचं कुत्रं तेरा-चौदा वर्षं सहज जगतं. आणि एकाच जातीतही कामाची आणि शोची अशा वेगळ्या लाइन असतात. कामाच्या लाइनचा जर्मन शेफर्ड पहिल्यांदा कुत्रं पाळणाऱ्याला झेपणं अवघड.

२. त्या जातीचे आजार पाठ करा

हा टप्पा बहुतेक जण गाळतात, आणि पश्चात्ताप बहुतेक वेळा इथूनच सुरू होतो. म्हणून इथे जरा थांबते.

लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर या मोठ्या जातींत खुब्याचा आणि कोपराचा डिस्प्लेजिया, म्हणजे सांधा नीट न घडणं, हा पहिला प्रश्न. खुब्याचा दोष एका जनुकाने येत नाही, अनेक जनुकं मिळून येतो. वर वजन, खाणं आणि वाढीच्या वयातली ओढाताण यांची भर पडते. म्हणून त्याची डीएनए चाचणी पुरेशी ठरत नाही, एक्स-रेच काढावा लागतो. अमेरिकेतली ओएफए ही संस्था कुत्रं दोन वर्षांचं झाल्याशिवाय खुब्यांचं अंतिम प्रमाणपत्र देत नाही. ब्रिटिश पद्धतीत दोन्ही खुब्यांचे मिळून ० ते १०६ गुण असतात. जितके कमी तितके चांगले. एफसीआय या केनेल क्लबांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या देशांत ‘ए’ ते ‘ई’ अशा श्रेणी असतात, ‘ए’ म्हणजे निर्दोष. ‘‘आमच्या कुत्र्यांना असलं काही होत नाही’’ हे उत्तर या तिन्हींपैकी कशातच बसत नाही. आईबाप दोघांचे खुबे चांगले असले तरी एखाद्या पिल्लाला त्रास होऊ शकतो, तेव्हा आजी-आजोबा आणि आधीच्या वेतातली भावंडं कशी निघाली तेही विचारा.

काही आजार मात्र एकाच जनुकाचे असतात आणि तिथे डीएनए चाचणी फार कामाची. लॅब्रॅडॉर, कॉकर आणि पूडल यांच्यात डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी करणारा पीआरए आहे. त्याचा नेहमीचा प्रकार असा चालतो: सदोष जनुक आई आणि बाप दोघांकडून आलं तरच पिल्लू आंधळं होतं. एकाच बाजूने आलं तर ते कुत्रं ‘कॅरियर’, म्हणजे स्वतः ठणठणीत पण दोष पुढे देऊ शकणारं. दोन कॅरियर एकत्र आले तर प्रत्येक पिल्लाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. कॅरियर आणि क्लिअर, म्हणजे तो दोष नसलेलं कुत्रं, एकत्र आले तर एकही पिल्लू आजारी निघत नाही. म्हणून रिपोर्टवर ‘कॅरियर’ दिसलं म्हणून पळून जाऊ नका. जोडीदाराचा रिपोर्ट मागा. जाणकार ब्रीडर, म्हणजे कुत्र्यांची पैदास करणारा, चांगलं कॅरियर कुत्रं बाद करत नाही, कारण एका दोषापायी सगळे गुण फेकून दिले तर जातीतली विविधताच आटते.

डॉबरमनचं हृदय पाहायचं असतं, आणि तेही एकदा पाहून भागत नाही. डायलेटेड कार्डिओमायोपथी, म्हणजे हृदय फुगून त्याचे स्नायू कमजोर होणं, मध्यम वयात उगवते, म्हणून प्रजननातल्या कुत्र्यांची दरवर्षी २४ तास ठोके नोंदवणारी हॉल्टर तपासणी आणि हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, व्हायला हवा. कॅव्हलियरमध्ये हृदयाची झडप आणि कवटीच्या मागच्या भागातली दाटी, डाक्सहुंडमध्ये मणक्याच्या चकत्या, डाल्मेशियनमध्ये बहिरेपण. कॉली आणि ऑस्ट्रेलियन शेफर्ड घेणार असाल तर एमडीआर-१ चाचणीचा निकाल घराच्या दारावर चिकटवावा इतका महत्त्वाचा. हे जनुक सदोष असेल तर आयव्हरमेक्टिन या जंत-गोचिडांवरच्या औषधाची जी मात्रा दुसऱ्या जातीच्या कुत्र्याला सहज पचते ती यांच्या मेंदूत शिरून जीव घेऊ शकते.

पग, फ्रेंच बुलडॉग, इंग्लिश बुलडॉग यांच्याबद्दल मी स्पष्टच सांगते: ते घोरणं गोड नाही. नाकपुड्या चिमटलेल्या, टाळू लांब, श्वासाची वाट अरुंद; ते कुत्रं झोपेतही हवेसाठी झगडत असतं. केंब्रिज विद्यापीठ आणि ब्रिटनचा केनेल क्लब (जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणारी संस्था) यांनी २०१९ साली श्वासाची श्रेणी ठरवणारी चाचणी सुरू केली. कुत्र्याला तीन मिनिटं दुडकं पळवायचं, आधी आणि नंतर स्टेथोस्कोपने घशाचा आवाज ऐकायचा, आणि ० ते ३ श्रेणी द्यायची. तिसऱ्या श्रेणीच्या कुत्र्यापासून पिल्लं घेऊच नयेत. नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयाने तर २०२३ साली कॅव्हलियरचं सध्याच्या पद्धतीचं प्रजनन प्राणिकल्याण कायद्याचा भंग ठरवलं. चपट्या नाकाचंच कुत्रं हवं असेल तर श्रेणी पाहूनच घ्या, आणि त्यातल्या त्यात लांब नाकाचं घ्या.

जाता जाता रंगाविषयी. ‘दुर्मीळ रंग’ ही जाहिरात दिसली की सावध व्हा. मर्ल, म्हणजे फिक्या अंगावर गडद डाग असलेल्या, रंगाच्या दोन कुत्र्यांचं मेटिंग केलं तर सरासरी चौथाई पिल्लं डबल मर्ल (दोघांकडूनही मर्लचं जनुक आलेली) निघतात, आणि त्यांच्यात बहिरेपण आणि डोळ्यांचे दोष मोठ्या प्रमाणात आढळतात. निळसर डॉबरमनचे केस वाढत्या वयात जातात. ‘टीकप’ नावाची तर कुठली जातच नाही. बहुतेकदा ते वेतातलं सगळ्यात अशक्त पिल्लू असतं, नाहीतर अशक्त पिल्लांचीच जोडी जमवून काढलेलं.

३. कागद वाचायला शिका

पेडिग्रीचं सर्टिफिकेट म्हणजे वंशावळ, दुसरं काही नाही. आई कोण, बाप कोण, पणजोबा कोण एवढंच त्यातून कळतं. १८७३ साली लंडनमध्ये पहिला केनेल क्लब स्थापन झाला, तेव्हापासून नोंदवह्यांचं मुख्य काम तेच राहिलं आहे. आरोग्याचे कागद वेगळे. डॉक्टरांनी पिल्लू तपासून दिलेलं फिटनेस सर्टिफिकेट हेही तिसरंच. त्या दिवशी पिल्लाला ताप नव्हता, छाती स्वच्छ होती, एवढीच त्याची हमी.

वंशावळीत एक गोष्ट मात्र नक्की शोधा: एकच नाव दोन्ही बाजूंना किती वेळा येतंय. बाप-लेक किंवा सख्खी भावंडं जुळवली तर पिल्लांचा इनब्रीडिंगचा आकडा २५ टक्के येतो, सावत्र भावंडांचा १२.५, चुलत भावंडांचा ६.२५. शोमध्ये जिंकलेला एकच नर शंभर वेतांचा बाप झाला की त्याच्यातला झाकलेला दोषही शंभर घरांत पोचतो. ब्रिटनचा केनेल क्लब २००९ पासून बाप-लेक, आई-मुलगा आणि सख्ख्या भावंडांच्या पिल्लांची नोंदच करत नाही.

बाहेरचं रक्त घेऊच न देणाऱ्या बंद नोंदवहीचं काय होतं ते डाल्मेशियनने दाखवलं. या जातीच्या सगळ्याच कुत्र्यांत मूत्राम्लाचा दोष घट्ट बसला होता, लघवीत खडे व्हायचे, आणि निरोगी जनुक जातीत शिल्लकच नव्हतं. १९७३ साली अमेरिकेतल्या रॉबर्ट शाइबल या जनुकशास्त्रज्ञाने पॉइंटर जातीच्या एका कुत्र्याशी एकदाच संकर केला आणि पुढे पिढ्यानुपिढ्या डाल्मेशियनच वापरले. ठिपके तेच, बांधा तोच, दोष गेला. तरी ‘शुद्ध नाहीत’ म्हणून अमेरिकन केनेल क्लबने त्या वंशाला पूर्ण दार उघडायला २०११ साल उजाडलं. शुद्ध हा शब्द पुन्हा कानावर आला की मला हे ठिपक्यांचं कुत्रं आठवतं.

४. चांगला ब्रीडर नेमकं काय करतो

हे माहीत असल्याशिवाय प्रश्न विचारता येत नाहीत. ‘‘आमच्या कुत्रीला एकदा तरी पिल्लं होऊ द्यावीत’’ असं ज्यांच्या मनात आहे त्यांनीही हा भाग वाचावा. कुत्रीच्या तब्येतीसाठी एकदा तरी विणं गरजेचं असतं, हा समज खोटा आहे.

मादी पहिल्या माजाला लावत नाहीत. खुबे, डोळे, हृदय तपासून निकाल येईपर्यंत ती दोन वर्षांची झालेली असते. नर आपल्याच घरात आहे म्हणून वापरला जात नाही; मादीत जे कमी आहे ते ज्याच्यात आहे असा नर शोधला जातो, मग तो कितीही लांब असो. मेटिंगआधी दोघांची ब्रुसेला या संसर्गजन्य, गर्भपात घडवणाऱ्या जिवाणूची तपासणी होते. रक्तातलं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक मोजून दिवस ठरतो, कारण माज आला म्हणजे स्त्रीबीज तयार झालं असं नव्हे. गर्भकाळ ६३ दिवसांच्या आसपास. शेवटच्या आठवड्यात एक्स-रे काढून पिल्लं मोजतात, म्हणजे आत कुणी राहिलं का हा प्रश्न रात्री अडीच वाजता पडत नाही.

कुत्रीचं तापमान ३७.२ अंशांच्या खाली उतरलं की बहुधा चोवीस तासांत ती वितेच. जोरात कळा देऊन अर्धा तास झाला आणि पिल्लू आलं नाही, किंवा पहिल्या पिल्लाआधीच हिरवट काळा स्राव दिसला, तर वाट बघायची नसते, डॉक्टर गाठायचा असतो. मी एका ओळखीच्या ब्रीडरकडे रात्रभर बसून एक वेत पाहिलं. सातवं पिल्लू निपचित आलं. तिने नाकातोंडातला चिकटा पुसला, कोरड्या टॉवेलाने पाठ घासत राहिली, घासतच राहिली. मांजराच्या हाकेहून बारीक असा एक आवाज आला आणि मग ब्रीडरने सुटकेचा श्वास टाकला. त्यानंतर तिने प्रत्येकाच्या गळ्यात वेगळ्या रंगाचा लोकरीचा धागा बांधला, स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन घेतलं आणि वहीत लिहिलं. ती वही पुढे रोज भरली. जन्माचं वजन आठ-दहा दिवसांत साधारण दुप्पट व्हायला हवं. एखाद्याचं एक दिवस जरी घटलं तरी ते आधी वहीत दिसतं, मग डोळ्यांना.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत पिल्लांना स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही, म्हणून ऊब द्यावी लागते. कुत्री जिथे विते त्या पेटीला आतून कड लावतात, म्हणजे आई भिंतीला टेकली तरी मधे पिल्लू चिरडत नाही. दर दोन आठवड्यांनी जंताचं औषध. तिसऱ्या आठवड्यापासून घरातले आवाज, वेगवेगळी जमीन, वेगवेगळी माणसं. तिसऱ्या ते साधारण चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जग कसं आहे ते ठरवत असतं, आणि त्यातला जवळजवळ निम्मा काळ ते ब्रीडरकडे असतं. अंधाऱ्या शेडमध्ये वाढलेलं पिल्लू घरी आल्यावर मिक्सरच्या आवाजाला पलंगाखाली शिरतं, ते उगीच नाही.

हे सगळं वर्षातून दोनदा, त्याच मादीकडून, दर माजाला कुणी करत असेल तर ते प्रजनन नव्हे. ब्रिटनचा केनेल क्लब एका मादीच्या चारपेक्षा जास्त वेतांची नोंद घेत नाही, आणि दोन सिझेरियननंतरही नाही.

५. आधी फोन, मग भेट

फोनवर एवढं विचारा. दोन्ही आईबापांच्या चाचण्यांचे कागद पाठवाल का? मादीचं वय काय आणि हे कितवं वेत? पिल्लं कुठे वाढतात? आणि पुढे काही कारणाने आम्हाला कुत्रं सांभाळता आलं नाही तर तुम्ही परत घ्याल का? शेवटचा प्रश्न सगळ्यात बोलका. खरा ब्रीडर म्हणतो, ‘‘कितीही वर्षांनी असो, आधी मला फोन करा.’’

तो उलट तुम्हालाही विचारेल. घरी दिवसा कोण असतं, आधी कुत्रं होतं का, त्याचं काय झालं. राग मानू नका. जो तुम्हाला काहीच विचारत नाही त्याला पिल्लू कुठे जातंय याच्याशी देणंघेणं नाही. सहा-आठ महिने थांबा म्हणाला तर थांबा. कुठलीही जात मागा, उद्या हजर; कागदांसकट एक भाव आणि कागदांशिवाय दुसरा; ‘‘तुम्हाला लांब पडेल, मी रस्त्यात आणून देतो’’; ‘‘आज पैसे पाठवा, दुसरे लोक मागे लागलेत’’: यातलं एकही वाक्य ऐकलं की फोन ठेवा.

भेटीत आधी आईकडे जा. इंग्लंडमध्ये ६ एप्रिल २०२० पासून सहा महिन्यांखालचं पिल्लू मध्यस्थाला विकता येत नाही, आणि ब्रीडरला ते आईसोबत, जिथे जन्मलं त्या जागी दाखवावं लागतं. तुमच्या देशात असा कायदा असो वा नसो, तुम्ही तोच नियम लावा. कधी कधी दुसरीच मादी आई म्हणून दाखवतात. तेव्हा तिचे आचळ बघा. पिल्लं पाच-सात आठवड्यांची असताना ते अजून लोंबत असतात. पिल्लं तिच्याकडे धावतात का, ती त्यांना अंगावर येऊ देते का, ते बघा. आणि आणखी एक: विल्यानंतर दोनेक महिन्यांनी कुत्रीचे केस बऱ्याचदा पुंजक्यांनी झडतात. आई जराशी ओढलेली, केसांनी विरळ दिसली तर काळजी करू नका. चकचकीत, भरलेल्या अंगाची, पोट सपाट असलेली ‘आई’ दिसली तर करा. ती तुमच्याशी कशी वागते हे तर सगळ्यात महत्त्वाचं, कारण भित्रेपणा रक्तातूनही येतो आणि आईला पाहूनही शिकला जातो. बाप तिथे नसला तर बिघडत नाही, त्याचे कागद हवेत.

६. आता पिल्लू

हिरड्या गुलाबी, डोळ्यांतून आणि नाकातून पाणी गळत नाही, कानाला वास नाही, शेपटीखाली घाण चिकटलेली नाही. पोट ढोलासारखं आणि बरगड्या वर आलेल्या असतील तर जंत. बेंबीवर मऊ गाठ लागते का पाहा, हर्निया असू शकतो. नर असेल तर आठ आठवड्यांपर्यंत दोन्ही वृषण खाली उतरलेले असावेत. त्याला चालू द्या, पळू द्या, आणि त्याचं तोंड मिटलेलं असताना श्वास ऐका. डाल्मेशियनसारख्या जातीत बेअर (प्रत्येक कानाची श्रवणशक्ती वेगळी मोजणाऱ्या) चाचणीचा कागद मागा. पाठीमागे टाळी वाजवून एका कानाचा बहिरेपणा कळत नाही.

स्वभावाबद्दल वीस मिनिटांच्या भेटीवर विसंबू नका. जे धावत आलं ते कदाचित नुकतंच झोपून उठलं असेल, आणि कोपऱ्यातलं कदाचित दमलं असेल. ब्रीडरने त्यांना आठ आठवडे पाहिलेलं आहे. तुमचं घर कसं आहे ते सांगा आणि त्यालाच सुचवू द्या.

आठ आठवड्यांच्या आत पिल्लू आणू नका. भावंडांशी चावाचावी करताना दात किती रुतवायचे हे ते पाचव्या ते आठव्या आठवड्यात शिकतं. समोरचं केकाटून खेळ थांबवतं, तोच धडा.

७. घरी आणताना

मायक्रोचिपचा १५ आकडी क्रमांक कागदावरच्या क्रमांकाशी तिथेच ताडून पाहा. लसीची आणि जंताच्या औषधाची नोंद, आईबापांचे रिपोर्ट, आणि परत घेण्याची अट लिहिलेला करार बरोबर घ्या. ते आजवर जे खात होतं तेच पहिले आठवडाभर द्या, मग हळूहळू बदला. आईच्या वासाचा कापडाचा तुकडा मागून आणा आणि रात्री पिल्लाची झोपायची जागा तुमच्या पलंगाशेजारी ठेवा.

दोन-तीन दिवसांत आपल्या डॉक्टरांकडे नेऊन आणा. लस एकदा टोचली म्हणजे झालं असं नसतं. आईच्या दुधातून आलेली प्रतिकारशक्ती सुरुवातीला लसीलाच निकामी करते आणि ती नेमकी कधी ओसरते हे प्रत्येक पिल्लागणिक वेगळं, म्हणून सहा ते आठ आठवड्यांपासून सोळाव्या आठवड्यापर्यंत दर दोन ते चार आठवड्यांनी डोस द्यावे लागतात. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या जुलाबांच्या रोगाचा विषाणू जमिनीत महिनोन्‌महिने टिकतो, तेव्हा डोस पुरे होईपर्यंत जिथे अनोळखी कुत्री येतात तिथे त्याला खाली सोडू नका. पण घरात कोंडूनही ठेवू नका, कारण चौदाव्या आठवड्याचं ते घड्याळ तुमच्यासाठी थांबत नाही. कडेवर घेऊन बाहेर न्या. रहदारी दाखवा, पाऊस दाखवा, छत्री उघडून दाखवा, दाढीवाला माणूस आणि काठी टेकत चालणारी आजी दाखवा. घाबरलं तर लांब न्या आणि दुसऱ्या दिवशी थोडं जवळ.